डिजिटल पाऊलखुणांची झडती

इंटरनेट वापरताना मागे उरणाऱ्या नोंदींना डिजिटल पाऊलखुणा म्हणतात. समाजमाध्यमांवर टाकलेला फोटो, दुकानाविषयी लिहिलेला अभिप्राय, अर्जात भरलेला पत्ता या जाणूनबुजून ठेवलेल्या खुणा. संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली कुकी, फोनने टिपलेले ठिकाण, फोटोच्या फाइलमध्ये दडलेली तारीख व जागा या नकळत उमटलेल्या.

सुटी माहिती निरुपद्रवी वाटते. धोका असतो तो ती जोडली जाण्यात. 2006 मध्ये अमेरिकेतील एओएल कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांनी तीन महिन्यांत केलेले शोध संशोधकांसाठी खुले केले. नावांच्या जागी क्रमांक घातले होते. तरीही गावाचा उल्लेख, एकाच आडनावाच्या माणसांचा शोध आणि आजारांविषयीचे प्रश्न जुळवून न्यूयॉर्क टाइम्सचे वार्ताहर त्यातील एका 62 वर्षांच्या महिलेपर्यंत पोहोचले.

स्वतःच्या खुणा तपासण्याची सुरुवात नावापासून करावी. सर्व खात्यांतून बाहेर पडून नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत शोधावे. रोमनमध्ये एकाच आडनावाची अनेक स्पेलिंग होतात, तीही पाहावीत. मग मोबाइल क्रमांक व जुने ईमेल पत्ते शोधावेत. निकाल, निवड याद्या, सभासदांच्या याद्या अशा विसरलेल्या पीडीएफ फाइलींत बरेच काही सापडते.

दुसरी पायरी खात्यांची. गूगलच्या ‘माय ॲक्टिव्हिटी’ पानावर शोध व पाहिलेले व्हिडिओ दिसतात. 3, 18 किंवा 36 महिन्यांनंतर या नोंदी आपोआप पुसल्या जाण्याची सोय तेथेच आहे. फोनच्या सेटिंगमध्ये कोणत्या ॲपला ठिकाण, मायक्रोफोन आणि संपर्क यादी खुली आहे ते पाहावे. संपर्क यादीची परवानगी दिली की त्यात इतरांचेही क्रमांक जातात. त्यामुळे एखाद्याची माहिती त्याच्या ओळखीच्या माणसाच्या फोनमधूनही बाहेर पडते. ट्रॉय हंट यांनी 2013 मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर ईमेल पत्ता टाकल्यास तो कोणत्या ज्ञात माहितीगळतीत सापडला ते कळते.

भारतात आणखी दोन तपासण्या उपयोगी आहेत. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर स्वतःच्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते पाहता येते व अनोळखी जोडणी कळवता येते. आधार कुठे पडताळले गेले याचा इतिहास यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर मिळतो. बोटांचे ठसे व डोळ्यांची ओळख तेथे कुलूपबंदही करता येते. झेरॉक्स देण्याऐवजी शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क्ड आधार वापरता येते.

ब्राउझरच्या ‘इन्कॉग्निटो’ खिडकीविषयी मोठा गैरसमज आहे. त्यात फक्त त्या उपकरणावर इतिहास उरत नाही. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आणि भेट दिलेल्या संकेतस्थळाला हालचाल दिसू शकते. तसेच शोधयंत्रातून दुवा काढला तरी मूळ पान जागेवरच राहते. ते हटवण्यासाठी पान चालवणाऱ्याकडेच विनंती करावी लागते.

या विनंतीमागे आता कायद्याचे बळ उभे राहत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याचा, चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि स्वतःची माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.