विश्लेषण : १५ हजारांची बेस गिटार आणि दीड लाखाची बेस गिटार... फरक नेमका कशात?

महाड-पोलादपूरकडे गणपती, नवरात्र, हळदी आणि कंपन्यांची स्नेहसंमेलने म्हटली की बेंजो पार्टी आणि ऑर्केस्ट्रा आलाच. त्यात बेस बहुतेकदा की-बोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे असतो. स्वतंत्र बेस गिटार घ्यायची म्हटले की प्रश्न पैशांचा येतो. ऑनलाइन १० ते २० हजार रुपयांत गिटार घरपोच मिळते. नावाजलेल्या कंपनीची अमेरिकी किंवा जपानी गिटार मात्र लाख-दीड लाखाच्या पुढे जाते. औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर शिफ्ट करणाऱ्या तरुणासाठी हा फरक काही महिन्यांच्या पगाराचा आहे. दिसायला तर दोन्ही जवळपास सारख्याच. मग वरचे पैसे नेमके कशाचे?

बेस गिटारचे काम काय?

ढोलकी-ड्रमचा ठेका आणि गाण्याची चाल यांना बांधून ठेवणारा खालचा स्वर म्हणजे बेस. हिंदी चित्रपटगीतांत तो ठळकपणे ऐकायचा असेल तर आर. डी. बर्मन यांची १९७० च्या दशकातील गाणी ऐकावीत. त्यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बेस गिटार असे. हे वाद्य मात्र तेव्हाही फार जुने नव्हते. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. त्याआधी बेस वाजवायचा तर माणसाएवढे उभे, पडदे नसलेले डबल बेस लागे आणि स्वर कानाने शोधावा लागे. फेंडर यांनी दांडीवर पडदे, म्हणजे फ्रेट, बसवले. बोट ठेवले की स्वर अचूक, म्हणून नाव ‘प्रिसिजन’.

मोबाइलवर ऐकून तुलना का करू नये?

‘स्वस्त विरुद्ध महाग’ असे व्हिडीओ भरपूर आहेत आणि बहुतेकांना त्यात फरक ओळखता येत नाही. यात नवल काही नाही. बेस गिटारच्या चार तारा अनुक्रमे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झला लावलेल्या असतात. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला २०० हर्ट्झच्या खालचा आवाज जवळपास काढताच येत नाही. तरीही बेस ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण तार मूळ कंपनासोबत दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनेही देते आणि त्यावरून गाळलेला मूळ स्वर मेंदू स्वतःच भरून काढतो. थोडक्यात, फोनवर ऐकलेला अर्धा बेस ऐकणाऱ्याच्या डोक्यातला असतो. निदान चांगला हेडफोन तरी लावावा. तार बोटाला किती जड लागते, हे मात्र कोणताच व्हिडीओ सांगू शकत नाही.

स्वस्त गिटार पूर्वीपेक्षा चांगली कशी झाली?

याचे श्रेय सीएनसी यंत्राला. घोडीपासून (ब्रिज) नटपर्यंत तारेची लांबी साधारण ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर असते. पहिला फ्रेट कुठे बसवायचा? या लांबीला १७.८१७ ने भागायचे, उत्तर येते ४८.५ मिलिमीटर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागले की दुसरा फ्रेट. असे वीस वेळा. एखादी खाच अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी वरच्या पट्टीत स्वर खटकू लागतो. आज ही खाच यंत्र कापते आणि यंत्राला गिटारची किंमत माहीत नसते. इंडोनेशिया आणि चीनमधील मोठ्या कारखान्यांत एकाच छताखाली अनेक ब्रँडच्या गिटारी तयार होतात.

यंत्राचे काम झाल्यावर मात्र दोन्ही गिटारींचे रस्ते वेगळे होतात. फ्रेटची टोके घासून गुळगुळीत करणे, सगळे फ्रेट एका पातळीत आणणे, नटच्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे कोरणे, दांडीचे लाकूड पुरेसे सुकू देणे ही कामे वेळखाऊ आणि हाताची. महागड्या गिटारवर कारागीर या कामांना वेळ देतो, स्वस्त गिटारवर मिनिटे मोजली जातात. दीड लाखातला बराच भाग हा असा मजुरीचा असतो. काही भाग आयात शुल्काचा आणि काही निव्वळ नावाचा. नावाचा भाग छोटा नसतो.

ऐन की शिसव?

जाहिरातीत सर्वाधिक शब्द लाकडावर खर्च होतात. महागड्या गिटारच्या दांडीवरची पट्टी अनेकदा ‘इंडियन रोझवूड’ची असते, म्हणजे आपला शिसव. स्वस्त गिटारवर ‘इंडियन लॉरेल’ असे लिहिलेले दिसते. नाव परदेशी वाटले तरी हे झाड महाड-पोलादपूरच्या कोणत्याही गावकऱ्याला ओळखू येईल. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेला तो ऐन. सह्याद्रीच्या जंगलात दोन्ही झाडे आढळतात. ऐनाला गिटारवर जागा मिळण्यामागे एक आंतरराष्ट्रीय नियम आहे. वन्यजीव व्यापारावरील ‘साइट्स’ कराराखाली जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण कुळाच्या व्यापारावर परवान्याचे बंधन आले आणि कंपन्यांनी पर्याय शोधले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, पण स्वस्त गिटारींवर ऐन टिकून राहिला.

यामुळे आवाज बदलतो का? इलेक्ट्रिक गिटारमध्ये आवाज पेटीतून येत नाही. तारेखालचे पिकअप, म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढे दिलेली तांब्याची तार, लोखंडी तारेचे कंपन टिपते. चुंबकाला लाकूड दिसत नाही. लाकडाचा परिणाम शून्य आहे, असे म्हणता येणार नाही. वादक यावर वर्षानुवर्षे वाद घालत आहेत. पण ऑर्केस्ट्राच्या गोंगाटात ऐन आणि शिसव वेगळे ओळखणारा श्रोता सापडणे कठीण. लाकडासाठी पन्नास हजार जास्त मोजणे हा शुद्ध हौसेचा मामला आहे.

मग कोकणातल्या हवेत काय टिकते?

खरा प्रश्न इथे आहे. चार तारांचा एकत्रित ताण साधारण ७५ ते ८० किलो भरतो. म्हणजे एक मोठा माणूस त्या दांडीला दिवसरात्र लटकलेला आहे, असे समजा. तो ताण तोलण्यासाठी दांडीच्या पोटात पोलादी सळई असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. महाडला एप्रिल-मेमध्ये अंग भाजून काढणारे ऊन आणि जूनपासून चार महिने तीन हजार मिलिमीटरच्या पुढचा पाऊस. २०२१ च्या जुलैमधील पुरानंतर महाडकरांना ओलीबद्दल वेगळे सांगायला नको. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दांडी वाकते. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरच्या हॉटेलात कार्यक्रमाला गेलेली गिटार दोन तासांत साडेतेराशे मीटर वर आणि थंड हवेत पोहोचते. तिचे स्वर उतरले-चढले नाहीत तरच आश्चर्य.

दांडी पुढे-मागे वाकली तर महागडी असो वा स्वस्त, अ‍ॅलन की फिरवून सरळ होते. ती पिळली गेली, म्हणजे एक कड वर आणि दुसरी खाली झाली, तर ट्रस रॉडचा इलाज चालत नाही. कमी सुकलेल्या लाकडात ही भीती जास्त. महागड्या गिटारमध्ये ज्या गोष्टीसाठी पैसे देणे पटते ती हीच. बाकी खुंट्या, पिकअप, वायरिंग सगळे नंतर बदलता येते.

फिटरकडची फीलर गेज इथे कशी कामी येते?

वाद्य दुरुस्त करणारा कारागीर जवळ नसला तरी औद्योगिक वसाहतीत मोजमाप जाणणाऱ्यांची वाण नाही. देखभाल विभागातल्या फिटरकडे फीलर गेज आणि पोलादी पट्टी असते, तेवढे पुरे. सर्वात जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरायची आणि आठव्या फ्रेटवर तारेखालची फट मोजायची. फेंडरच्या मापाप्रमाणे ती ०.३ ते ०.३५ मिलिमीटरच्या आसपास हवी. मग तार सोडून सतराव्या फ्रेटवर उंची पाहायची. जाड तारेची साधारण २.४ मिलिमीटर, बारीक तारेची २ मिलिमीटर. खोक्यातून निघालेल्या स्वस्त गिटारवर तारा यापेक्षा बऱ्याच उंच सापडणे नेहमीचे आहे. तार उंच असली की बोटे लवकर थकतात, दाबताना ती ताणली जाऊन स्वर चढतो आणि शिकणाऱ्याला वाटते की आपल्यालाच जमत नाही. घोडीवरचे स्क्रू आणि ट्रस रॉड पाव-पाव वेढा फिरवत हे माप आणता येते. घाई केल्यास सळईचे आटे जातात, म्हणून एका वेळी पाव वेढाच, मग पुन्हा मोजणी.

मंडपात घरघर येते, ती स्वस्त गिटारमुळे का?

बऱ्याचदा नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा स्वर ४९ हर्ट्झचा. म्हणजे विजेची घरघर नेमकी बेसच्या स्वरांत येऊन बसते आणि जनरेटर, एलईडी लाइट, लांबलचक वायरी यांच्या मंडपात ती वाढते. १९५७ पासून प्रिसिजन बेसवर दोन तुकड्यांचे पिकअप आहे. त्यातले दोन भाग एकमेकांची घरघर खोडून काढतात. त्याच धाटणीची १५ हजारांची गिटार मंडपात शांत राहू शकते. उलट, दोन स्वतंत्र पिकअपची महागडी जॅझ बेस, तिचा एक व्हॉल्यूम बंद ठेवला की, गुणगुणू लागते.

घरघरीपेक्षा मोठा धोका अर्थिंगचा आहे आणि त्यात गिटारची किंमत काहीच मदत करत नाही. गिटारच्या तारा घोडी, केबल आणि अ‍ॅम्प्लिफायरमार्गे अर्थिंगला जोडलेल्या असतात. माइक दुसऱ्या लाइनवर असेल आणि कुठे अर्थिंग तुटलेले असेल, तर बोटे तारेवर आणि ओठ माइकला लागताच अंगातून वीज जाऊ शकते. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वे ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे मंचावर असाच विजेच्या धक्क्याने दगावला. पावसात ओल्या झालेल्या मंचावर दोन पिनांचे एक्स्टेन्शन बोर्ड लावून कार्यक्रम करणाऱ्यांनी गिटारच्या ब्रँडआधी ईएलसीबी आहे का, हे विचारावे.

मग घ्यावी कोणती?

आठवड्याला चार-पाच कार्यक्रम करणारा किंवा स्टुडिओत वाजवणारा असेल, तर महागडी गिटार कामाचे अवजार ठरते. दांडीचा भरवसा असतो आणि विकताना बरी किंमत येते. हंगामात वाजवणाऱ्याने हप्त्यावर दीड लाखाची गिटार घेऊ नये. हातात ४० हजार असतील, तर १५ हजारांची गिटार, दोन-तीन हजार नव्या तारा आणि सेटिंगला, आणि उरलेले चांगल्या बेस अ‍ॅम्प्लिफायरला, हा हिशेब बरा. चाळीस हजारांची गिटार पाच हजारांच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली तर ४१ हर्ट्झचा स्वर स्पीकरमधून बाहेर पडणारच नाही.

धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या दुकानात जाऊन गिटार हातात घेऊन पाहणे उत्तम. त्यासाठी महाडहून एक दिवस मोडला तरी चालेल. ऑनलाइन मागवली तर खोके उघडल्यावर आधी फोटो काढायचा मोह आवरावा. गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून डोक्याकडून घोडीकडे पाहावे. नट आणि घोडी यांच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत. फ्रेटच्या टोकांवरून बोट फिरवावे; कुसळासारखे टोचले तर कानशीने घासावे लागेल. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकदा वाजवून पाहावा, कुठे तार खडखडते का ते ऐकावे. आठवडाभर तारा लावलेल्या ठेवून दांडी पुन्हा तपासावी आणि ती पिळलेली दिसली, तर परत करण्याची मुदत संपण्याआधीच खोके बंद करावे.