वाघानं खायचं काय?

शिक्षण धोरणाबद्दलचा सुखदेव थोरात आयोगाचा अहवाल ऑगस्ट 2025मध्ये कर्नाटक सरकारला मिळाला आणि द्विभाषा की त्रिभाषा यावरून व्हायचा तो गदारोळ झाला. आपल्याकडे महाराष्ट्रात तो जूनमध्येच होऊन गेला होता. शाळेत भाषा किती असाव्यात यावर दोन्हीकडे घसे कोरडे झाले. त्या भाषांतून मुलांना वाचायला काय द्यायचं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीत हा प्रश्न विचारायला हरकत नाही. विमानतळ आल्यापासून या भागात बाहेरून आलेल्या कुटुंबांची वस्ती वाढली, त्यात मराठी घरंही आहेत. 2015च्या कायद्यानं शाळांत कन्नड सक्तीचं झालं. तेव्हा इथल्या मराठी मुलाची आज ना उद्या ‘गोविन हाडु’तल्या पुण्यकोटी गाईशी गाठ पडतेच.

‘गोविन हाडु’ म्हणजे गाईचं गाणं. कर्नाटकातल्या कितीतरी पिढ्यांना हे लोकगीत येतं. काळिंग नावाचा गवळी गंगा, गौरी, तुंगभद्रा अशा नावांनी गाई हाकारतो. घरी परतणाऱ्या पुण्यकोटीला भुकेला वाघ अडवतो. वासराला शेवटचं पाजून येते, असा शब्द देऊन ती सुटते, पोरक्या होणाऱ्या वासराला बाकीच्या गाईंच्या ओटीत घालते आणि खरोखर परत येते. वाघ ओशाळतो. तिला न खाता स्वतःच जीव देतो.

फळ्यावर बोध लिहिला जातो: नेहमी खरे बोलावे. तास संपतो. पण खरी अडचण इथेच सुरू होते. गाय खरं बोलली म्हणून जगली, हे ठीक. वाघानं काय खोटं केलं होतं? भूक लागली एवढाच त्याचा गुन्हा.

हा शेवट मोठ्या माणसांना पूर्वीपासून अवघड गेलेला दिसतो. पद्मपुराणातल्या नंदा गाईच्या कथेत वाघ हा मुळात प्रभंजन राजा. पाडसाला पाजणाऱ्या हरिणीला बाण मारल्यामुळे शाप मिळालेला. शेवटी तो शापमुक्त होतो आणि भुकेचा प्रश्न निकालात निघतो. पंचतंत्राचंही तेच. ‘मित्रभेदा’त दमनक कोल्हा सिंह आणि बैलात कळ लावतो, बैल मरतो आणि दमनक मंत्रिपदावर मजेत राहतो. आठव्या शतकात अरबी रूपांतर करणाऱ्या इब्न अल्-मुकफ्फाला हे पचलं नसावं. कोल्ह्यावर खटला चालवून त्याला शिक्षा देणारं प्रकरण त्यानंच जोडलं, असं मानतात. सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी 1828 साली मराठीत आणलेल्या इसापाला तर आपण तात्पर्याशिवाय ओळखतच नाही.

याच गाईच्या गाण्यातून एस. एल. भैरप्पांनी 1968मध्ये ‘तब्बलियु नीनादे मगने’ ही कादंबरी उभी केली. अमेरिकेत शिकून आलेला तरुण आणि पुण्यकोटीच्या वंशातल्या गाई यांचा हा झगडा. कादंबरीचं नावही गाण्यातूनच घेतलेलं. एका लोकगीतात एवढा ऐवज असताना शाळेनं त्यातून एका ओळीचा सुविचार काढून समाधान मानावं, हे काही पटत नाही.

मराठीच्या तासाला हे गाणं भाषांतरातून खुशाल घ्यावं. गाऊन घ्यावं, वाघाचा आवाज वर्गातल्या सगळ्यात बुजऱ्या मुलाला द्यावा. परीक्षेत ‘तात्पर्य लिहा’ऐवजी ‘वाघाची बाजू मांडा’ असं विचारावं. चंद्रपूरकडच्या किंवा बंदीपूरच्या कडेच्या मुलाला तर गोठ्यातली गाय खरंच गेलेली ठाऊक असते. वनखातं पंचनामा करतं, भरपाई देतं आणि वाघ पुन्हा जंगलात फिरतो. त्या मुलापुढे वाघाला जीव द्यायला लावून आपण त्याला सत्य शिकवतो म्हणणं, हेच थोडं खोटं आहे.