पिंजरा उघडल्यानंतर

काही वर्षांपूर्वी एका कामगार मेळाव्याच्या उद्घाटनाला दोन डझन पांढरी कबुतरे आकाशात सोडण्यात आली. ती आणण्याची व्यवस्था आमच्याकडेच होती, आणि टाळ्यांच्या कडकडाटात आमचाही ऊर भरून आला होता हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडप सोडवायला गेलो, तो त्यांतली पाच-सहा कबुतरे बांबूवर तशीच बसलेली. खाली पांढरी पिसे विखुरली होती आणि माणसांची चाहूल लागताच एक मांजर मंडपाच्या कनातीमागे पळाले. खुराड्यात जन्मलेली, आयत्या दाण्यावर वाढलेली ती पाखरे. रंग असा की शिकाऱ्याला दुरूनही चुकू नये. त्यांना मुक्त करणारे आम्ही लोक एव्हाना फोटो काढून, जेवूनखाऊन घरी गेलो होतो.

बंदिस्त जीवाला मोकळे सोडणे ही दया केव्हा ठरते आणि केव्हा नाही, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागला. आम्ही प्राणिशास्त्राचे पंडित नव्हे. जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. परंतु या प्रश्नावर जगाने पुष्कळ पैसा आणि त्याहून जास्त कळवळा ज्या एका प्रकरणात ओतला, ते नीट पाहिले तर पंडित नसणाऱ्यालाही बरेच उमगते. प्रकरण आहे केइको नावाच्या ओर्काचे.

ओर्का हा दिसायला देवमाशासारखा, पण कुळाने डॉल्फिन. अंगावर काळ्यापांढऱ्या रंगाचे पट्टे, पूर्ण वाढलेला नर काही टन वजनाचा. तो एकटा राहत नाही. आईच्या भोवती जमलेल्या कुटुंबात त्याचा जन्म जातो. शिकार कशी करावी, कोणती हाक कोणाची, हे तो तेथेच शिकतो. केइकोला १९७९ मध्ये आइसलंडजवळच्या समुद्रात धरले, तेव्हा तो दोनेक वर्षांचा होता. पुढे तो कॅनडातल्या एका जलक्रीडागृहात, आणि १९८५ मध्ये तेथून मेक्सिको शहरात विकला गेला. थंड समुद्रातला हा प्राणी तेथे कोमट, कृत्रिम खारट पाण्याच्या अपुऱ्या हौदात कसरती करीत राहिला. अंगावर चट्टे उठले, पाठीवरचा कल्ला एका बाजूला लोळला.

१९९३ मध्ये ‘फ्री विली’ हा चित्रपट आला. त्यात एक मुलगा ओर्काला कैदेतून सोडवतो आणि ओर्का बांधावरून उडी मारून समुद्रात जातो. ते काम केले होते केइकोने. पडद्यावर सुटलेला नट प्रत्यक्षात हौदातच आहे हे कळल्यावर लोक अस्वस्थ झाले, मुलांनी खाऊचे पैसे पाठवले, मोठे देणगीदार पुढे आले. १९९६ च्या जानेवारीत त्याला विमानाने अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात आणले. थंड, खऱ्या समुद्राचे पाणी मिळताच त्याचे वजन वाढले, कातडी सुधारली. १९९८ च्या सप्टेंबरात तो पुन्हा विमानाने आइसलंडला, एका खाडीत जाळ्याने आखून घेतलेल्या जागेत पोहोचला. तेथे त्याला जिवंत मासे धरायला शिकवले गेले, आणि पुढे बोटीमागोमाग खुल्या समुद्रात फिरायला नेण्यात येऊ लागले.

त्या फेऱ्यांत त्याला रानटी ओर्कांचे कळप दिसले. तो जवळ जाई, पण बहुधा कडेला राही. आणि त्याचे तोंड बोटीकडे वळे. त्याचे स्वतःचे कुटुंब कोणते, हे कधीच सापडले नाही. २००२ च्या उन्हाळ्यात तो एकटाच निघाला आणि सुमारे दीड हजार किलोमीटर पोहून नॉर्वेच्या किनाऱ्याला लागला. पोहोचला तेव्हा तो खंगलेला नव्हता, म्हणजे वाटेत काही खात असावा. येथवर मुक्ततेच्या बाजूने साक्ष आहे. परंतु त्या खाडीत शिरल्यावर त्याने शोधली ती माणसे. मुले त्याच्या पाठीवर बसू लागली, इतकी गर्दी झाली की सरकारला अंतर ठरवून द्यावे लागले. अखेर त्याचे सांभाळणारे पुन्हा आले, पुन्हा हातून मासे मिळू लागले, आणि १२ डिसेंबर २००३ रोजी न्यूमोनियाने तो गेला. सर्व मिळून खर्च सुमारे दोन कोटी डॉलरचा सांगतात.

नेमक्या त्याच २००२ साली, दुसऱ्या महासागरात, आणखी एक ओर्का सोडण्यात आला. अमेरिकेतील सिअॅटलजवळ जानेवारीत दोनेक वर्षांची एक पोरकी पिल्ली एकटी भटकताना सापडली. तिच्या हाकांवरून अभ्यासकांनी तिचे कुटुंब ओळखले. ते कॅनडाच्या किनाऱ्यावरचे होते. जूनमध्ये तिला धरले, महिनाभर औषधपाणी केले, आणि जुलैत बोटीने उत्तरेला नेऊन समुद्रातच जाळ्याच्या आवारात ठेवले. तिचे नातलग जवळून जाताना हाका ऐकू आल्या, तेव्हा जाळे उघडले. स्प्रिंगर हे तिचे नाव. तिला कुटुंबाने सामावून घेतले; २०१३ मध्ये तिला स्वतःचे पिल्लू झाले, २०१७ मध्ये दुसरे.

जात एकच, वर्ष एकच. एकीची बंदी एक महिन्याची, दुसऱ्याची तेवीस वर्षांची. एकीला परत जायला घर होते; दुसऱ्याचे घर दोन वर्षांचा असतानाच मोडले, आणि त्यानंतर ज्यांच्या हातून घास मिळाला तीच त्याची माणसे झाली. आमच्या धंद्यात ‘कार्यमुक्त’ हा शब्द रोज भेटतो. तीस वर्षे एकाच यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला त्या शब्दाचा कागद हातात देऊन फाटकाबाहेर सोडले, की व्यवस्थापन म्हणते, आता तुम्ही मोकळे. ती मोकळीक कसली असते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना केइकोचे तोंड बोटीकडे का वळे हे समजावून सांगावे लागणार नाही.

मग त्याला मेक्सिकोतच राहू द्यायला हवे होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या हौदातून त्याला काढले ती दया निःसंशय खरी होती. थंड पाणी, मोठी जागा, खेळ बंद, सांभाळणारी माणसे सोबत, एवढे त्याला खाडीत मिळत होते. त्यापुढचा आग्रह, की तो माणसाला पारखा होऊन दाखवील तेव्हाच मुक्त म्हणायचा, हा कितपत त्याच्यासाठी होता आणि कितपत चित्रपटाचा शेवट खरा करण्यासाठी, याविषयी आमच्या मनात शंका आहे. त्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की शेवटची पाच वर्षे तरी त्याने समुद्र पाहिला. हा मुद्दा हलका नाही, आणि तो आम्हांला अजून पुरता खोडता आलेला नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. पुण्यासाठी पक्षी विकत घेऊन सोडण्याची चाल थायलंड, तैवान, हाँगकाँग इकडे मोठी आहे. आपल्याकडेही जीवदया म्हणून कोणी मुनियांचा पिंजरा विकत घेऊन उडवून देतो. येथे बाजाराचा साधा हिशोब लागू पडतो. विकणाऱ्याला गिऱ्हाईक खाणारे आहे की सोडणारे आहे याचे सोयरसुतक नसते. पिंजरा रिकामा झाला की तो पुन्हा भरायला माणूस रानात जातो, आणि जाळ्यात व टोपलीत गुदमरून मेलेली पाखरे त्या हिशोबात धरलेलीच असतात. पोपटाची गोष्ट वेगळी. ढोलीतून पिल्लूपणी काढलेला, पंख छाटलेला, ‘विठू विठू’ म्हणणारा पोपट गच्चीवरून उडवला तर दुपारपर्यंत कावळे त्याचा निकाल लावतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळणे गुन्हा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ठाऊक झाले की भीतीने खिडकी उघडतात. त्यापेक्षा वनखात्याला कळवावे. पंख येईपर्यंत सांभाळून, त्याच्या जातीच्या थव्याजवळ, उडता आणि खाता येते हे पाहून सोडणे, किंवा सोडताच येत नसेल तर मरेपर्यंत पोसणे, हे काम महिनोन्महिन्यांचे असते आणि त्याला टाळ्या पडत नाहीत.

यंदा मेळाव्याच्या तयारीच्या बैठकीत कबुतरे नकोत असे आम्ही सुचवले. एक जुने सहकारी नाराज झाले. “अहो, मग उद्घाटनाला सोडायचे तरी काय?” असे त्यांनी विचारले. बैठक अर्धा तास त्यावरच चालली. शेवटी कबुतरांचे पैसे खाद्याच्या खर्चात वळते केले, कारण मागच्या खेपेची जी तीन वाचली ती आमच्या कचेरीच्या माळ्यावर अजून राहतात.