चारशे रुपयांची डिस्क

गेल्या मे महिन्यात विरार स्टेशनजवळच्या एका दुकानात 'सायबरपंक २०७७' या व्हिडिओ गेमची जुनी डिस्क मला चारशे रुपयांना मिळाली. मामेभावाने सुट्टीपुरता आपला प्लेस्टेशन ४ दिला होता. ज्या गेमचा जगभर एवढा गाजावाजा झाला तो इतका स्वस्त का, याचे कुतूहल वाटले.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने हा गेम २०१२ साली जाहीर केला. २०१९ मध्ये हॉलिवूडचा नट किआनू रीव्ह्ज त्याच्या प्रचारासाठी व्यासपीठावर आला. तारीख तीनदा पुढे गेली आणि अखेर १० डिसेंबर २०२० रोजी, नाताळच्या तोंडावर, गेम बाजारात आला. परंतु जुन्या यंत्रांवर तो अडखळू लागला, मध्येच बंद पडू लागला. आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला व ग्राहकांना पैसे परत देऊ केले. जून २०२१ मध्ये तो तेथे परतला.

असे का घडते? पूर्वी कॅसेटमधला गेम एकदा विकला की बदलता येत नसे. आता राहिलेली चूक इंटरनेटवरून 'अपडेट' पाठवून सुधारता येते. त्यामुळे आधी तारीख गाठायची, काम मागाहून पुरे करायचे, हा मोह वाढला. या गेमच्या दुरुस्त्या पुढे काही वर्षे चालल्या. आज नव्या यंत्रांवर तोच गेम वाखाणला जातो.

माझ्या डबीतल्या दोन डिस्कवर मात्र डिसेंबर २०२० चाच गेम आहे. दुरुस्ती कित्येक जीबींची आणि आमच्या घरी मोबाईलचा रोजचा दीड जीबी डेटा! म्हणून मी आहे तसाच खेळलो. रात्रीच्या दिव्यांत झगमगणारे ते शहर पाहून हरखून गेलो, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

माझे बाबा गवंडी आहेत. वसई-विरारच्या इमारती बांधण्यात त्यांची वीस वर्षे गेली. ही सारी हकीकत ऐकून ते म्हणाले, "प्लास्टर बाकी ठेवून खोलीचा ताबा देतात का रे? मागनं करू म्हटलेलं काम, जो रोज बिल्डरच्या दारात जाऊन बसतो, त्याचंच होतं."

मित्रहो, ज्याला दारापर्यंत जाणेच परवडत नाही, त्याच्या वाट्याला अपुरेच काम येते. म्हणून जुनी डिस्क घेताना किंमत विचारण्याआधी, ती दुरुस्तीवाचून नीट चालते का, हे विचारावे.