मोटारीच्या काचेवरील दहिवर

दिल्लीच्या नैर्ऋत्येस, अरवलीच्या पायथ्याशी वसलेले गुरुग्राम (2016 पूर्वीचे गुडगाव) हे काही हिमवृष्टीचे गाव नव्हे. तरीही जानेवारीतील एखाद्या निरभ्र रात्रीनंतर उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारींच्या टपावर आणि समोरच्या काचेवर पांढुरका, खरखरीत थर साचलेला आढळतो. उत्तर हिंदुस्थानातील शेतकरी त्याला पाला म्हणतो. मराठीत त्यासाठी दहिवर हा जुना शब्द आहे. नवल असे की, अशा रात्री वेधशाळेने नोंदविलेले किमान तापमान पुष्कळदा 2 किंवा 3 अंश सेल्सिअस असते. पाणी तर 0 अंशाला गोठते. मग हे बर्फ आले कोठून?

वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो. तो हवेचे तापमान सांगतो, काचेचे नव्हे. प्रत्येक वस्तू आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने सतत बाहेर टाकीत असते. ढगाळ किंवा धुक्याच्या रात्री तिच्यातील बराच भाग वरून परत मिळतो. कोरड्या, स्वच्छ आकाशाकडून मात्र फारच थोडा. काच आणि पत्रा पातळ असल्यामुळे त्यांच्यापाशी उष्णतेचा साठा थोडा असतो. तो लवकर संपतो आणि काच भोवतालच्या हवेहूनही थंड होते. वारा पडलेला असला की ही तूट भरून निघत नाही. मग काचेला स्पर्श करणारी वाफ थेट स्फटिकरूपाने तिच्यावर बसते, किंवा आधी पडलेले दव गोठते. बाजूच्या उभ्या काचांना आकाश कमी आणि इमारती अधिक दिसतात, म्हणून त्या बहुधा वाचतात. झाडाखालची मोटारही वाचते.

हे ज्ञान हिंदुस्थानाला नवे नाही. इंग्रज सेनाधिकारी सर रॉबर्ट बार्कर यांनी 1775 मध्ये अलाहाबादेतील (आजचे प्रयागराज) बर्फ तयार करण्याच्या पद्धतीचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तेथे उथळ खड्ड्यात उसाची वाळकी चिपाडे पसरीत, त्यांवर मातीची लहान, सच्छिद्र परळे मांडीत आणि संध्याकाळी त्यांत उकळून निवविलेले पाणी ओतीत. खालून चिपाडे जमिनीची ऊब अडवीत, वरून आकाश उष्णता ओढून घेई, आणि सूर्योदयापूर्वी कामकरी बर्फ गोळा करून नेत. गुरुग्रामच्या मोटारीची काच म्हणजे असेच एक परळ होय. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात हिवाळ्यात गाड्यांच्या टपांवर गोठलेले दव दिसते, त्यामागेही हेच कारण आहे.

पर्यटकाला या दृश्याचे कौतुक वाटते. पहाटे कामावर निघालेल्या चालकाला ती अडचण असते. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना घरी पोहोचविणारा किंवा शाळेची गाडी नेणारा चालक घाईत काचेवर तळहाताएवढी जागा खरवडतो आणि निघतो. गाडी पूर्वेकडे वळून कोवळे ऊन समोरून आले की उरलेला प्रत्येक स्फटिक प्रकाश विखुरतो. सारी काच पांढरी होते, आणि रस्ता ओलांडणारा माणूस दिसेनासा होतो. काच पूर्ण स्वच्छ केल्याखेरीज गाडी हलवू नये, हा नियम पाळण्यास पाच-दहा मिनिटे लागतात, इतकेच.

उकळते पाणी ओतणे हा सर्वांत वाईट उपाय. काच उष्णतेची मंद वाहक आहे; बाहेरचा पृष्ठभाग एकदम प्रसरण पावतो, आतला तसाच राहतो. समोरची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली असते. तिचे तुकडे उडत नाहीत; पण खडा लागून पडलेला बारीक टवका क्षणात लांब तडा होतो. थंड पाण्याचा आणि ओल्या फडक्याचा दोष वेगळा आहे. बादली घेऊन पहाटेच गाड्या पुसणारा माणूस बोटे बधिर होईपर्यंत फडके फिरवितो, आणि शून्याखालच्या काचेवर त्या पाण्याचा पारदर्शक, दहिवराहून कठीण बर्फ होतो. त्याला ऊन वर येईपर्यंत थांबू देणे काचेच्याही हिताचे आहे आणि त्याच्याही.

इंजिन सुरू करून गरम हवा काचेकडे सोडावी, पण बंद गॅरेजमध्ये नव्हे. तेथे साचणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. ही हवा इंजिनाच्याच उष्णतेवर तापते, म्हणून आरंभी ती थंड असते. शिवाय एक ग्रॅम बर्फ वितळविण्यास 80 कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी 0 वरून 80 अंशांपर्यंत तापले असते. तोवर प्लास्टिकच्या कडेने थर खरवडावा. धातूने काचेवर ओरखडे उठतात. दोन भाग स्पिरिट आणि एक भाग पाणी यांचे मिश्रण फवारल्यास गोठणबिंदू खाली जाऊन थर सुटतो. मीठ वापरू नये, पत्रा गंजतो. चिकटलेले वायपर सुरू केल्यास त्यांचे रबर फाटते. आतून काच धुरकटत असेल तर ते उच्छ्वासातील बाष्प होय; वातानुकूलन यंत्र गरम हवेबरोबर चालविले म्हणजे ते निघते.

परंतु दहिवराचे मूळ उघड्या आकाशात असल्यामुळे खरा उपाय आदल्या संध्याकाळीच करावयाचा असतो. काचेवर पुठ्ठा, जुनी चादर किंवा कोरडे गोणपाट पसरून त्याच्या कडा दारांत अडकवाव्यात. मग आकाशाला सामोरे जाते ते पांघरूण, आणि दहिवर बसते ते त्याच्यावर. सकाळी ते काढून झटकावे व वाळत घालावे. ओले कापड दुसऱ्या रात्री काचेलाच गोठून चिकटते.