आजोबांची आठशे आणि नवी बॅटरी

जानेवारीतली सकाळ, सहा वाजलेले. आजोबांनी किल्ली फिरवली आणि गाडीने नुसतं ‘टक्’ केलं. आजीचं डायलिसिस सातला. रिक्षा मिळाली, वेळेत पोचलोही. पण रिक्षा येईपर्यंत आजीला धरून गल्लीत उभे असलेले आजोबा मला अजून दिसतात.

आमची मारुती ८०० ही २००८ सालची. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत अशी एखादी जुनी गाडी असते. चालवणारे सत्तरीतले, आणि “बॅटरी बघून ये रे” म्हणून दुकानात धाडले जाणारे आपण. म्हणून हे लिहितो.

पहिली चूक माझीच. काहीही न तपासता दुकानात गेलो. “थंडीत मोठीच लागते,” म्हणत दुकानदाराने ३५ ऐवजी ४५ अँपिअर-तासांची गळ्यात मारली. ती ट्रेमध्ये नीट बसेना, पट्टी लागेना. आणि तिसऱ्या आठवड्यात तीही उतरली!

मग ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने गाडी बंद ठेवून मीटर लावला. जुन्या म्युझिक सिस्टिमची वायर थेट बॅटरीला जोडलेली होती आणि ती रात्रंदिवस पाव अँपिअर खात होती. दोन दिवसांत १२ अँपिअर-तास गेले. हॉस्पिटल घरापासून दहा मिनिटांवर, तेवढ्या फेरीत ते भरून कसे निघणार? बंद गाडीने साधारण ०.०५ अँपिअरपर्यंत घेतलं तर चालतं. गळती असेल तर मोठी बॅटरी फक्त थोडी उशिरा उतरते, इतकंच.

तेव्हा आधी मीटर. रात्रभर उभ्या गाडीत भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ हवेत, कमी असतील तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा, बॅटरीला दोष देऊ नका. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर मात्र बॅटरी म्हातारी झाली समजा (आधी ती चार्ज करून घेतलेली हवी). आमची जुनी चार वर्षांची होती आणि तीही यात नापासच झाली. दोष थंडीचा वाटतो, पण बॅटरीचं आयुष्य खातो तो आपला मे महिना. थंडी फक्त ते उघडकीला आणते.

नवी घेताना जुनीवरचा कोड फोटो काढून न्या. आमचा ३८ बी २० एल. ३८ हा ताकदीचा आकडा, ‘बी’ म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे लांबी सुमारे २० सेंटिमीटर, आणि ‘एल’वरून प्लसचं टोक कुठल्या बाजूला ते कळतं. ‘एल’ऐवजी ‘आर’ आणलीत तर वायर पोचत नाही. शेवटी ‘एस’ असेल तर टोकं जाड, जुने क्लॅम्प बसत नाहीत. उंचीही बघा, प्लसचं टोक बॉनेटला टेकलं तर शॉर्ट होईल.

बनवल्याची तारीख विचाराच. सहा महिने फळीवर पडलेली नको. वॉरंटीचे महिने दोन भागांत असतात: पहिल्या भागात फुकट बदलून मिळते, दुसऱ्यात फक्त किमतीत सूट. १५ वर्षांनंतर आरसी दर वेळी ५ वर्षांसाठीच वाढते; आमची २०२८ पर्यंत आहे, म्हणून सर्वांत लांब वॉरंटीसाठी जादा पैसे मोजले नाहीत. जुनी बॅटरी दुकानातच परत द्या. आत शिसं आणि आम्ल असतं, आणि बिलात सूटही मिळते.

दुकानदाराने मोठी बदलून ३५ ची दिली, फरकाचे पैसे मात्र दिले नाहीत. भांडायला वेळ नव्हता, दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. म्युझिक सिस्टिम आता किल्लीबरोबर बंद होते. आजोबा तरीही आदल्या रात्री एकदा खाली जाऊन गाडी सुरू करून बघतात.