विश्लेषण : गेममधला ‘बॉस’ अवघड असतो की अन्यायी?

पाव सेकंदाचे गणित, पुण्याच्या ‘राजी’चा अनुभव आणि मोबाईलवरचा ‘रिव्हाइव्ह’. समजून घ्या सोप्या शब्दांत

हुडकेश्वर (नागपूर) : एकाच बॉसकडून वीस-पंचवीस वेळा हरायचे आणि तरीही ‘रीट्राय’ दाबायचे, हे गेम खेळणाऱ्यांना नवे नाही. ४ सप्टेंबर २०२५ रोजी ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ बाजारात आला, तेव्हा खरेदीच्या गर्दीने गेम विकणारी ऑनलाइन स्टोअर्स काही काळ ठप्प झाली. पाठोपाठ वाद पेटला. बॉस फारच कठीण आहेत, अनेकांच्या एका फटक्यात दुप्पट नुकसान होते, अशी तक्रार होती. ऑस्ट्रेलियातील ‘टीम चेरी’ने पहिल्याच अपडेटमध्ये सुरुवातीच्या टप्प्यातील मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे दोन बॉस थोडे सौम्य केले. मग कठीण आणि अन्यायी यांतली रेषा कुठे असते?

बॉस फाइट म्हणजे काय?

धावणे, उड्या मारणे आणि लढणे या तिन्हींवर चालणारा गेम म्हणजे अ‍ॅक्शन प्लॅटफॉर्मर. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून कॅसेटवर ‘मारिओ’ किंवा ‘कॉन्ट्रा’ खेळलेल्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. टप्प्याच्या शेवटी उभा असलेला मोठा शत्रू म्हणजे बॉस. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये पुलावरच्या बाउझरशी लढलेच पाहिजे असे नव्हते. त्याला ओलांडून पलीकडची कुऱ्हाड गाठली की पूल तुटायचा. १९८७ च्या ‘मेगा मॅन’ने सहा बॉस दिले आणि कोणाशी आधी लढायचे हे खेळाडूवर सोडले. एकाला हरवून मिळालेले शस्त्र दुसऱ्यावर जास्त चालायचे. म्हणजे बॉस केवळ ताकदीची नव्हे, तर निरीक्षणाचीही परीक्षा घेतो, हे तेव्हापासूनच ठरले होते.

ही परीक्षा कशी रचली जाते?

चांगल्या बॉसच्या प्रत्येक हल्ल्याचे तीन भाग असतात. आधी इशारा, मग वार आणि त्यानंतर काही क्षणांची मोकळीक. इशारा म्हणजे हात मागे घेणे, अंग आक्रसणे किंवा ठरावीक आवाज. मोकळीक म्हणजे उलटा वार करण्याची संधी.

२०१७ च्या मूळ ‘हॉलो नाइट’मधील ‘मँटिस लॉर्ड्स’ ही लढाई याचा उत्तम नमुना आहे. तीन योद्ध्यांपैकी आधी एकच समोर येते. तिच्या मुख्य चाली तीन. जमिनीलगत भाला घेऊन झेपावणे, वरून थेट खाली कोसळणे आणि भिंतीवरून फिरते पाते फेकणे. प्रत्येक चालीआधीची ठेवण वेगळी दिसते. ती हरली की उरलेल्या दोघी एकत्र उतरतात, पण चाली त्याच राहतात. आधी धडा, मग त्याच धड्यावरचा कठीण पेपर. अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न येत नाही, म्हणून ही लढाई कठीण असूनही न्याय्य वाटते.

पाव सेकंदाचे गणित काय?

अशा गेमचे चित्र साधारणपणे सेकंदाला ६० वेळा बदलते, म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. डोळ्यांना दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजेच १५ फ्रेम. इशारा त्याहून छोटा असेल, तर पाहून बचाव करणे जवळपास अशक्य. तिथे अंदाज किंवा पाठांतरच कामी येते.

हुडकेश्वर रोडवर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी पाव सेकंदात पावणेतीन मीटर पुढे जाते. तरीही सराईत चालक समोरच्या ऑटोचे चाक वळताना पाहूनच वेग कमी करतो. त्याची बोटे इतरांपेक्षा वेगवान नसतात, तो आधी ओळखतो. गेममधले कौशल्यही बरेचसे असेच असते. दहाव्या प्रयत्नात बॉस ‘हळू’ वाटू लागतो, कारण मेंदू आता वाराऐवजी इशारा पाहत असतो.

हरूनही खेळाडू परत का येतो?

हरणे स्वस्त आणि समजण्यासारखे ठेवले जाते म्हणून. कॅनडात तयार झालेल्या ‘कपहेड’मध्ये (२०१७) लढताना बॉसची शिल्लक ताकद दिसत नाही. हरल्यावर मात्र एक रेघ दिसते आणि खेळाडू शेवटापासून किती दूर होता ते कळते. ‘आणखी थोडेच राहिले होते’ ही जाणीव पुढचा प्रयत्न करायला लावते.

दुसरी युक्ती डोळ्यांना दिसत नाही. ‘सेलेस्ट’मध्ये (२०१८) पाय कड्यावरून सुटल्यानंतरही सुमारे ०.१ सेकंद उडी स्वीकारली जाते. गेम नकळत झुकते माप देतो, म्हणून खेळाडूला बटणाचा राग येत नाही.

पुण्याच्या ‘राजी’तून काय शिकता येते?

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’. २०१७ मध्ये ‘किकस्टार्टर’वर लोकवर्गणीचा प्रयत्न फसला. तरीही गेम पूर्ण झाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये आधी निंटेंडो स्विचवर, ऑक्टोबरमध्ये इतर मंचांवर आला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमसाठीच्या विभागात त्याला नामांकन मिळाले.

नायिका राजी सर्कशीत काम करणारी. भाऊ गोलूच्या शोधात ती असुरराज महाबलासुरापर्यंत पोहोचते. कसरतपटू असल्याने ती भिंतीवर धावून उलटी उडी घेते, खांबाला गिरकी घेऊन वार करते. म्हणजे मैदानच तिचे शस्त्र ठरते. चांगल्या बॉस फाइटचे हे दुसरे सूत्र. कॅमेरा मात्र खेळाडूच्या हातात नाही. त्यामुळे राजवाड्यांची भव्यता दिसते, पण उडीचे अंतर जोखणे कधी कधी अवघड जाते. परीक्षणांत कलेचे कौतुक झाले, तशी लढाईतील उणिवांवर टीकाही झाली. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत लढाई व हालचालींवर पुन्हा काम झाले, हिंदी आवाजही आले.

सर्वोच्च पातळीवर काय घडते?

‘हॉलो नाइट’च्या ‘हॉल ऑफ गॉड्स’मध्ये प्रत्येक बॉसच्या तीन पातळ्या आहेत. शेवटच्या ‘रेडियंट’ पातळीवर एक फटका बसला की खेळ संपला. काही खेळाडू फटका न खाता पूर्ण गेम संपवतात, तर स्पीडरनर कमीत कमी वेळेसाठी झटतात. स्पीडरनर सुरक्षित अंतर ठेवत नाही. मोकळीक संपायच्या आत एक जादा वार बसवण्यासाठी तो धोका पत्करतो. ‘गेम्स डन क्विक’ हा उपक्रम २०१० पासून अशा खेळाच्या थेट प्रक्षेपणातून समाजकार्यासाठी निधी उभारत आहे.

मोबाईलवर काय बदलते?

काचेवर बटणाचा स्पर्श जाणवत नाही आणि अंगठाच पडद्याचा काही भाग झाकतो. म्हणून ‘डेड सेल्स’च्या मोबाईल आवृत्तीत आपोआप वार करण्याचा पर्याय आहे, कंट्रोलरही जोडता येतो.

खरा फरक पैशांचा आहे. एकदाच विकत घेतलेल्या गेमला तुमच्या हरण्यातून काही मिळत नाही. अनेक फुकट गेममध्ये मात्र हरल्यावर जाहिरात किंवा पैसे देऊन ‘रिव्हाइव्ह’ विकले जाते. तिथे बॉस चालीने नव्हे, फुगवलेल्या आकड्यांनी कठीण केलेला असू शकतो.

पैसे देण्याआधी काय तपासाल?

- शेवटचा फटका कोणत्या चालीने बसला, हे सांगता येते का?
- त्या चालीआधी इशारा दिसला किंवा ऐकू आला का?
- दहा प्रयत्नांनंतर बॉसची ताकद आधीपेक्षा जास्त कमी होते आहे का?
- नवे शस्त्र न घेता, केवळ सरावाने तो हरू शकतो का?

चारही उत्तरे ‘हो’ असतील तर बॉस अवघड आहे आणि सराव फुकट जाणार नाही. बहुतेक उत्तरे ‘नाही’ असतील, तर ‘रिव्हाइव्ह’चे बटण दाबण्यापेक्षा गेम बंद करणे स्वस्त पडेल. घरातील मुले फोनवर खेळत असतील, तर हेच चार प्रश्न त्यांनाही विचारता येतील.